सुगडातला संसार: क्रिबेन्सिसची जोडी लावायची कशी आणि पिल्लं जगवायची कशी

संक्रांत झाली की घरोघरी चार-पाच सुगडं रिकामी पडलेली असतात. आमच्यात आई आधी ती माळ्यावर ठेवायची, आता थेट माझ्याकडं देते, कारण गेली काही वर्षं माझ्या टँकमधली क्रिबची, म्हणजे क्रिबेन्सिस माशाची, मादी सुगडाच्या आतल्या बाजूलाच अंडी चिकटवते. एवढा छोटा मासा, हाताच्या बोटाएवढा, पण नवरा-बायको मिळून घर धरतात, वाळू उपसतात, पोरं सांभाळतात, दोनदोनशे पिल्लांना रात्री गोळा करून आत नेतात. हे सगळं दोन फुटी टँकमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात बघायला मिळतं. तरी आपल्याकडं हा मासा बहुतेक लोक एकटा आणतात आणि एंजल, बार्ब, मॉली अशा गर्दीत सोडतात, मग महिन्याभरानं म्हणतात की फिका पडला, कोपऱ्यात बसून असतो. अहो त्याला घरच दिलेलं नाही तर तो काय करणार. या माशाचं सगळं आयुष्य घराभोवती फिरतं, म्हणून आधी घर आणि मग मासा, हा क्रम डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

मुळात हा मासा कुठला

कोल्हापुरात रंकाळा, पंचगंगा, कळंबा फिरलेल्या माणसाला चिलापी (तिलापिया) सांगायला नको. क्रिब हा चिलापीच्याच खानदानातला, सिक्लिड कुळातला. हे कुळ मुख्यतः आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतलं. भारतातले मूळचे सिक्लिड फक्त तीन, त्यातला एक तुम्ही खाल्लाही असेल, घाट उतरून कोकणात गेलं की खाडीत मिळतो तो कालुंदर. चिलापी मात्र आपली नव्हे, ती आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणली आणि आता गावोगावच्या तळ्यात आहे. हा मुद्दा शेवटी परत येणार आहे, लक्षात असू द्या.

क्रिबचं शास्त्रीय नाव पेल्विकॅक्रोमिस पुल्चर. पुल्चर म्हणजे लॅटिनमध्ये सुंदर. 1901 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले जॉर्ज बुलेंजर यांनी त्याचं वर्णन केलं. गंमत अशी की क्रिबेन्सिस हे नाव याचं नव्हेच. कॅमेरूनच्या किनाऱ्यावर क्रिबी नावाचं गाव आहे, तिथल्या एका चुलत माशाला ते नाव दिलेलं होतं, पण व्यापारात ते या माशाला चिकटलं ते कायमचंच. तो खरा क्रिबेन्सिस आज शास्त्रात वेगळी प्रजाती धरतात. दुकानात गेल्यावर मात्र क्रिब म्हणा नाहीतर क्रिबेन्सिस, हाच मासा दाखवतील.

त्याचं मूळ घर दक्षिण नायजेरिया आणि त्याला लागून कॅमेरूनचा किनारी भाग, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातले ओढे आणि छोट्या नद्या. पाणी उबदार, बहुतेक ठिकाणी मऊ (क्षार कमी असलेलं) आणि किंचित आंबट, प्रवाह संथ, कडेला झाडी आणि खाली कुजणारी पानं, मुळं, फांद्या, त्यांच्या मधल्या पोकळ्या. खाली समुद्राजवळ थोडं मचूळ पाणी लागतं, तिथंही तो सापडतो, म्हणूनच आपल्या पाण्यात तो बऱ्यापैकी चालवून घेतो. खाणं शेवाळ, वनस्पतीचे तुकडे आणि तळातले बारीक किडे. म्हणजे हा तळाशी राहणारा, आडोसा शोधणारा, दिवसभर वाळू चिवडणारा मासा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका चित्रातून निघतात. पाठ करायची गरजच नाही, शंका आली की पानांनी भरलेला संथ ओढा डोळ्यांसमोर आणायचा.

पायरी पहिली: टँक

एका जोडीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टँक पुरतो, साधारण 70 लिटर पाणी. उंची कमी असली तरी चालेल, तळाची जागा कमी नको, कारण हा वर फिरायला येतच नाही फारसा. काच, वाळू, पाणी धरून वजन शंभर किलोच्या आसपास जातं, त्यामुळं टीव्हीच्या हलक्या युनिटवर ठेवू नका, लोखंडी स्टँड करून घ्या आणि काचेखाली थर्माकोलची शीट टाका. खिडकीत ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये दुपारचं ऊन टँकवर आलं की पाणी बघता बघता तापतं, वर हिरवं शेवाळ येतं ते वेगळंच.

फिल्टर स्पंजचाच घ्या. हे मी हात जोडून सांगतो. माझी पिल्लांची पहिली बॅच पॉवर फिल्टरनं ओढून घेतली. सकाळी पिल्लं सुटलेली बघितली, संध्याकाळी कामावरून आलो तर अर्धी गायब, फिल्टर उघडला तर आत सगळी. मादी त्या फिल्टरच्या तोंडापाशी फेऱ्या मारत होती ते बघून दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त असतो, त्यात पिल्लं अडकत नाहीत आणि पुढं तीच पिल्लं त्या स्पंजवरचं बारीकसारीक टिपून खातात.

हीटर लागतोच, कोल्हापुरात थंडी नसते असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत पहाटे टँकमध्ये थर्मामीटर घालून बघावा. 70 लिटरला 75 ते 100 वॅटचा पुरे, 26 अंशांवर लावून ठेवा. हीटर आडवा, तळाजवळ, पाण्यात पूर्ण बुडालेला, आणि पाणी बदलताना आधी बटण बंद, गरम काच उघडी पडली की तडकते.

पायरी दुसरी: वाळू, पानं आणि सुगड

खडे नको, वाळू हवी. क्रिब तोंडात वाळू घेतो, चाळतो, कल्ल्यातून सोडतो, घर बांधताना तर तोंडानं भरून भरून बाहेर टाकतो. जाड खड्यात त्याला हे करताच येत नाही. बांधकामाची नदीची वाळू बारीक चाळून, बादलीत घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, दहा-बारा पाणी तरी लागतात. त्याआधी एक चाचणी करा, मूठभर वाळूवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर ओता, फेस आला तर तिच्यात चुना किंवा शिंपल्याचे तुकडे आहेत, ती घेऊ नका, पाणी हळूहळू जड होत जाईल. दोन इंचाचा थर पुरतो.

आता सुगड. रंगवलेलं घ्यायचं नाही, त्याचा रंग पाण्यात उतरतो. साधं, भाजलेलं, बिनरंगाचं घ्या, संक्रांतीनंतर कुंभाराकडं उरलेली असतात. आणल्यावर दोन दिवस बादलीत बुडवून ठेवा. कच्चं भाजलेलं असेल तर माती सुटायला लागते, कडा मऊ पडते, ते बाजूला टाका. पक्कं निघालं की ओलं असतानाच पक्कडीनं काठाचा छोटा तुकडा हळूहळू मोडत न्यायचा, साधारण दीड इंचाचं भोक पडेपर्यंत, मग पॉलिशपेपरनं कड घासून गुळगुळीत करायची, बोट फिरवून बघा, खरचटलं तर माशालाही खरचटणार. मग सुगड पालथं घालून काठ वाळूत अर्धा इंच रोवायचा. झालं घर. आत अंधार, वर गोल छत, दार एकच आणि तेही मादीला आडवं राहून अडवता येईल एवढंच.

दार लहान का, तर अंडी छताला उलटी चिकटवलेली असतात आणि मादी आत राहून राखण करते. तोंड मोठं असेल तर तिला एकाच वेळी दार आणि अंडी दोन्ही सांभाळता येत नाहीत, ती बेचैन होते आणि बेचैन मादी अंडी खाते. मी नारळाची करवंटीही वापरून बघितली, चालते, पण ती आधी दोनतीनदा उकळून घ्यावी लागते आणि तरी सुरुवातीला पाणी तांबूस करते. एक घर ठेवू नका, दोन-तीन ठेवा, वेगवेगळ्या कोपऱ्यात आणि दारं एकमेकांकडं तोंड करून नकोत. कुठलं घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. माझ्याकडं दरवेळी सर्वात अंधारातलं निवडलं गेलंय.

पानांसाठी देशी बदामाची वाळलेली, गळून पडलेली पानं आणायची. शाळांच्या आवारात, बागेत हे झाड हमखास असतं. फवारणी केलेल्या किंवा रस्त्याकडेच्या धुळीच्या झाडाची नको. धुवून दोन-चार पानं टाका, पाणी चहासारखं हलकं पिवळट होतं, घाबरायचं नाही, त्याच्या गावाकडचं पाणी तसंच असतं. पानं कुजत जातात तसा त्यांच्यावर बारीक जीवांचा थर येतो, पिल्लांना तो पहिला खाऊ. झाडांमध्ये जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला दोऱ्यानं बांधून ठेवा, वाळूत लावलेली कोवळी झाडं क्रिब उपटतो, सवयच आहे त्याची.

पायरी तिसरी: पाणी

पाणी सगळ्यात महत्त्वाचं आणि इथंच आपल्याकडं लोक गोंधळतात. शहरात कुणाकडं नळाचं पाणी, कुणाकडं बोअरचं, कुणाकडं दोन्ही एकाच टाकीत मिसळलेलं. नळाचं पाणी धरणा-नदीतून येतं, ते बोअरच्या मानानं बरंच मऊ असतं. बोअरचं जड, बादलीला पांढरा थर धरणारं. क्रिब दोन्हीत जगतो, पण जोडी लावायची असेल तर नळाचं वापरा. पीएच (पाण्याच्या आंबटपणाचं माप, 7 च्या खाली आंबट) 6 ते 7.5 च्या मध्ये कुठंही असला तरी चालतो, आणि तो एकाच ठिकाणी टिकून राहणं आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. बाटलीतली पीएच कमी करायची औषधं आणू नका, एका दिवसात खाली जातो, दुसऱ्या दिवशी वर, मासा त्या झोक्यात मरतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते बादलीत 24 तास उघडं ठेवून किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाकूनच वापरायचं. पावसाळ्यात विशेष काळजी घ्या, नदी गढूळ होते, पाणी शुद्ध करायला तुरटी आणि क्लोरीन जास्त पडतं, नळ उघडला की वासच येतो. जून ते सप्टेंबर मी एका वेळी पाव टँकच्या वर पाणी बदलत नाही. आणि घरात पन्नास लिटरचा एक ड्रम मुरलेल्या पाण्याचा कायम भरून ठेवतो, ही सवय 2019 च्या महापुरानं लावली, तेव्हा शहरात दिवसचे दिवस नळाला पाणी नव्हतं, प्यायच्या पाण्यासाठी टँकरपुढं रांगा लागल्या होत्या, तिथं माशाच्या पाण्याचं कुणाला बोलणार.

आता पीएचची एक गोष्ट, जी मला या माशात सगळ्यात अजब वाटते. क्रिबच्या पिल्लांमध्ये नर किती आणि मादी किती हे त्यांच्या सुरुवातीच्या आठवड्यांतल्या पाण्यावर बरंच अवलंबून असतं. आंबट पाण्यात नर जास्त निघतात, पीएच 7 च्या आसपास गेला की माद्या वाढतात. शास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून दाखवलंय, आणि नर कुठल्या रंगाचा होणार यावरही पाण्याचा परिणाम होतो असं त्यातच दिसलंय. मी हे वाचायच्या आधी बोअरच्या पाण्यात वाढवलेल्या एका बॅचमध्ये जवळपास सगळ्या माद्या निघाल्या होत्या आणि मला कारण कळेना. पुढच्या वेळी नळाचं पाणी आणि बदामाची पानं, तर नर बऱ्यापैकी आले.

पायरी चौथी: टँक पिकू द्या

पाणी भरलं की त्याच दिवशी मासे आणायचे नाहीत. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाऊ टाका, फिल्टर आणि हीटर चालू ठेवा, टेस्ट किटनं अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला लागले की टँक तयार. ओळखीच्या कुणाचा जुना चालता टँक असेल तर त्याचा मळका स्पंज आपल्या टँकमध्ये पिळून घ्या, बराच वेळ वाचतो. स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर क्लोरीननं सगळे जिवाणू मरतात आणि तुम्ही परत पहिल्या दिवसावर.

पायरी पाचवी: नर-मादी ओळखून घेणं

मी पहिल्यांदा एका दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेले दोन्ही मासे माद्या निघाल्या. दुकानदारानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, लहान पिल्लांत ओळखता येतच नाही, पण जास्तीचे पैसे तर गेलेच. त्यामुळं स्वतः बघायला शिका.

नर लांबट, आठ-दहा सेंटीमीटरपर्यंत जातो. पाठीवरचा आणि पोटामागचा पर मागं टोकदार निघालेला, शेपटीच्या वरच्या भागात बहुतेक वेळा काळे ठिपके. मादी आखूड, सहा-सात सेंटीमीटर, अंगानं भरीव, पोट गोल, पर गोलसर, आणि पोटावर तो प्रसिद्ध रंग. पिकलेल्या चेरीसारखा म्हणतात, मला तो गुलालासारखा वाटतो, जोतिबाच्या यात्रेनंतर कपड्यांवर राहतो तसा. बऱ्याच जातींत रंग नराला आणि मादी साधी, इथं अंगभर मिरवणारी मादीच, आणि नराला पटवायला पुढाकारही तिचाच. नरांतही प्रकार आहेत, पिवळे आणि लाल. काही नर एकाच मादीबरोबर राहतात, काही मोठी जागा धरून दोन-तीन माद्या ठेवतात आणि अशा नराच्या आसऱ्याला दुय्यम नरही राहतात, राखणीला मदत करतात आणि संधी मिळाली तर अंड्यांवर आपलंही बीज टाकतात. एवढ्याशा माशात एवढं राजकारण.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे सहा लहान मासे घ्यायचे, एकत्र वाढवायचे आणि जोडी आपोआप लागू द्यायची. जोडी लागली की ती दोघं एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलतात, तेव्हा बाकीचे लगेच दुसरीकडं हलवायचे, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, कोपऱ्यात अडकलेला मासा रात्रीत फाटतो. जागा नसेल तर मोठा नर आणि पोटाला रंग आलेली मादी निवडून आणा आणि नशिबावर सोडा, बहुतेक वेळा जमतं.

पिशवीतून आणल्यावर पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवा, मग दर दहा मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी पिशवीत घाला, तासाभरानं मासा जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

सोबत पाच-सहा झेब्रा डॅनियो ठेवले तर चांगलं. ते वर फिरतात, त्यांना बिनधास्त पोहताना बघून क्रिबला वाटतं धोका नाही आणि तो बाहेर येतो. तळाला राहणारा दुसरा कुठलाही मासा नको.

पायरी सहावी: खाऊ आणि जोडी लागणं

सकाळी बुडणाऱ्या बारीक गोळ्या, संध्याकाळी काहीतरी ताजं: गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आठवड्यातून दोनदा, उकडलेला वाटाणा सालं काढून चिरडून, पालकाचं पान गरम पाण्यातून काढून. हा शेवाळ आणि पाला खाणारा मासा आहे हे विसरून नुसते किडे घातले तर पोट फुगतं. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

पंधरा दिवस असं चांगलं खायला घालून एक दिवस पाव टँक पाणी बदला, नवीन पाणी किंचित थंड, दोनेक अंशांनी. पावसाचं पाणी ओढ्यात आल्यासारखं होतं त्यांना. मग बघत बसा. मादी नराच्या पुढं आडवी येते, अंग धनुष्यासारखं वाकवते, पोट बाहेर काढून त्याच्याकडं करते आणि थरथरते. अख्खं अंग थरथरतं, पर ताठ, पोटाचा रंग एवढा गडद की खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. मग वळते आणि सुगडाकडं जाते, दारात थांबते, तो येतोय का बघते. तो आला नाही तर परत येऊन परत तेच. एकदा माझ्या जोडीत हे तीन दिवस चाललं होतं, नर मख्ख. तिसऱ्या दिवशी रात्री तो तिच्या मागं आत गेला आणि दोघं मिळून आतली वाळू बाहेर टाकायला लागले, तोंडं भरून, आळीपाळीनं. सकाळपर्यंत सुगडाच्या दारापुढं चांगला मूठभर ढीग.

पायरी सातवी: अंडी

एके दिवशी मादी बाहेर येईनाशी होते, नर दारापुढं पहारा देतो, तुमच्या बोटावरही धावून येतो. समजायचं अंडी झाली. साधारण पन्नास ते दोनशे, कधी जास्त. सुगड उचलून बघायचं नाही! हा मोह आवरा. बघायचंच असेल तर दारासमोर छोटा आरसा धरून टॉर्चचा कडेनं उजेड टाका, तोही एकदाच.

26-27 अंशांना तीनेक दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं पोहत नाहीत, आतच शेपट्या हलवत पडून असतात, पोटाला पिवळा बलक असतो तोवर खाऊ लागत नाही. पोहायला सातवा-आठवा दिवस उजाडतो. या आठवड्यात टँकजवळ फर्निचर सरकवणं, मिक्सर लावणं, लाईट एकदम लावणं-घालवणं टाळा, रात्री खोलीत एक झिरोचा बल्ब राहू द्या. पहिली एक-दोन बॅच बऱ्याचदा आई-बाप खाऊन टाकतात, नवी जोडी असते, शिकतात. लगेच नर बदलायला जाऊ नका. तिसऱ्या वेळेपर्यंत थांबा.

अंडी कापसासारखी पांढरी होऊन गेली तर समजा बुरशी लागली. मादी खराब अंडी स्वतः वेचून काढते, तिला करू द्या.

पायरी आठवी: पिल्लं

सातव्या-आठव्या दिवशी सुगडातून एक ढग बाहेर येतो. खरंच ढगच, राखाडी, वाळूच्या एक-दोन इंच वर तरंगणारा, आणि त्याच्यामागं आई, पोट लालबुंद. बाप थोडा लांब, हद्दीवर. आईनं पोटाखालचे पर झटकन हलवले की अख्खा ढग खाली बसतो आणि वाळूत दिसेनासा होतो, कुणी जवळून गेलं की हे होतं. एखादं पिल्लू भरकटलं की ती त्याला तोंडात घेते, ढगाकडं जाते आणि थुंकल्यासारखं सोडते. पहिल्यांदा बघणारा ओरडतो की खाल्लं, खाल्लं. थांबा, सोडेल. रात्री लाईट कमी झाली की ती दोघं पिल्लं तोंडानं उचलून सुगडात नेतात, म्हणूनच दिवा एकदम घालवायचा नाही असं म्हणतो, आधी टँकचा, अर्ध्या तासानं खोलीचा. एकदा रात्री अकराला लाईट गेली आणि ढग बाहेरच राहिला, मी टॉर्च भिंतीकडं धरून उभा राहिलो आणि त्या अंधुक उजेडात आई शेवटचं पिल्लू नेईपर्यंत वीस मिनिटं हललो नाही. लाईट जाते तेव्हा हवेचा पंपही बंद पडतो, बॅटरीवरचा छोटा पंप घरात ठेवाच.

खाऊ म्हणजे आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) ताजी पिल्लं, याला तोड नाही, पहिल्या दिवसापासून क्रिबची पिल्लं ती खाऊ शकतात. एक लिटरची बाटली, बूड कापून उलटी टांगलेली, एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम खडे मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळापासून जोरात हवा, वर दिवा, पाणी 26-28 अंश. 24 ते 36 तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर, पिल्लं खाली, खालून झाकण थोडं सैल करून ती कापडात गाळा, गोड्या पाण्यानं धुवा आणि ड्रॉपरनं थेट ढगाच्या वर सोडा. दहा मिनिटांत त्यांची पोटं नारिंगी दिसायला लागतात, तसं दिसलं म्हणजे जेवली. दिवसातून तीन-चार वेळा. अंड्याचा बलक घालायचा सल्ला सगळे देतात, घालू नका, पाणी नासतं आणि सगळी एका रात्रीत जातात. आर्टेमिया नसेल त्या दिवशी मोठ्यांची गोळी बोटांत एकदम पूड करून द्या. आई सुद्धा कुजलेलं पान चावून बारीक करून त्यांच्यात फुंकते, ते बघण्यासारखं असतं.

या काळात पाणी बदल दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा, दहा टक्के, आणि तो सलाईनच्या नळीएवढ्या बारीक नळीनं, तोंडाला स्पंजचा तुकडा लावून. बादलीतलं पाणी टाकायच्या आधी पांढऱ्या टबात बघा, चुकून एखाद-दुसरं आलेलं असतंच.

पायरी नववी: वेगळं कधी करायचं आणि जास्तीच्या पिल्लांचं काय

महिना ते दीड महिन्यात पिल्लं सेंटीमीटरच्या वर जातात आणि आई-बाप पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागतात. बाप आधीची पिल्लं हाकलायला लागला की त्याच दिवशी ती दुसऱ्या टँकमध्ये न्या. सहा-आठ महिन्यांत ती स्वतः जोड्या लावतात. म्हणजे वर्षात तुमच्याकडं शेकड्यानं मासे होऊ शकतात, हे आधीच मनात धरा. दुकानदार तीन सेंटीमीटरच्या पुढची पिल्लं खाऊच्या बदल्यात घेतात, गावातल्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारा, शाळेला द्या.

पण रंकाळ्यात, कळंब्यात, पंचगंगेत सोडायची नाहीत. एकही नाही. गणपतीला निर्माल्याबरोबर टँकमधले मासे सोडणारे लोक मी बघितलेत, पुण्य म्हणून सोडतात. चिलापीचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. नर उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खड्डे करून तळ अडवतात, मादी अंडी-पिल्लं तोंडात वाढवते त्यामुळं ती जगतात जास्त, आणि आपले मूळचे मासे मागं पडतात. क्रिबही तळाला राहणारा, घर धरणारा, पोरं राखणारा मासा आहे, जे गुण टँकमध्ये आपल्याला आवडतात तेच तळ्यात आपल्या माशांच्या जिवावर येऊ शकतात. आपल्या नद्यांतले बारीक मासे आधीच कमी अडचणीत नाहीत.

एक शेवटची गोष्ट मादीबद्दल. ती थांबत नाही, एक बॅच झाली की दुसरी, आणि तीन-चार सलग झाल्या की पोट आत जातं, रंग उतरतो, पर घासलेले दिसतात. म्हणून दोन बॅच झाल्या की मी सगळी सुगडं काढून ठेवतो, तीन आठवडे. फक्त मुळं आणि पानांचा आडोसा ठेवतो, पाणी 24 अंशांवर आणतो आणि चांगलं खायला घालतो. मग एका रविवारी सुगड परत त्याच कोपऱ्यात रोवतो. आधी मादीच येते. दारात थांबते, आत डोकावते, मग शिरते, आणि थोड्या वेळानं तोंडभर वाळू घेऊन बाहेर येऊन टाकते.